टिपेश्वर आणि ‘वाघांचा पुरस्कार’

१२. लेखक ‘पुरस्कार’ म्हणतात ते खरे तर मानांकन. ‘कॅट्स’ या नावाने ते ओळखले जाते. वाघ किती यापेक्षा जंगल कसे राखले जाते हे त्यात तपासतात : गस्त, अधिवास, आसपासच्या गावांशी संबंध. २९ जुलै २०२१ रोजी ते भारतातील १४ व्याघ्र प्रकल्पांना जाहीर झाले. त्यांत महाराष्ट्रातला एकटा पेंच. टिपेश्वर (पांढरकवड्याजवळ, सुमारे १४८ चौ. किमी) हे अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प नव्हे, त्यामुळे त्या यादीत ते शोधू नये. मात्र इथलाच गळपट्टा बांधलेला एक तरुण वाघ २०१९मध्ये शेते, ओढे, हमरस्ते ओलांडत १,३०० किमीहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. – संपा.