सयाजीगंज आणि वाकवलेला गंधार

बडोद्याचे नाव निघाले की आपल्याला सयाजीराव आठवतात, मग उस्ताद फैयाझ खाँ, आणि मग लीलो चिवडा. माझे विचाराल तर या यादीत मौलाबक्षांचे नाव फार वर असायला हवे. १८८६ साली सयाजीरावांनी गायनशाळा सुरू केली ती त्यांच्याच हाती सोपवून. घराण्यात जन्म नसलेल्या मुलालाही गाणे शिकता यावे म्हणून मौलाबक्षांनी स्वरलिपी तयार केली, पाठ्यपुस्तके लिहिली. चिरंजीव अल्लाउद्दीन खाँ लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून आले. गुरूच्या ओसरीवरचे गाणे कागदावर उतरवण्याचे हे धाडस त्या काळी लहान नव्हते.

हे सगळे आठवायचे कारण माझा भाचा. तो बडोद्याला विद्यापीठात शिकतो आणि सयाजीगंजात स्टेशनजवळ एका खोलीत राहतो. तो अभ्यास सोडून दिवसभर माउथ ऑर्गन फुंकतो, अशी बातमी ताईपर्यंत पोचली. मला चार दिवसांची रजा होती, म्हणून चौकशीला मला धाडण्यात आले. (सरकारी कारकुनाला चौकशी म्हटले की घरचेही फार भरवसा ठेवतात!)

आमच्या पिढीला माउथ ऑर्गन म्हणजे सिनेमा. 'सोलवा साल' (१९५८) आणि 'दोस्ती' (१९६४) मध्ये तो राहुलदेव बर्मन यांनी वाजवला, 'शोले'मध्ये (१९७५) भानू गुप्तांनी. भाचा मात्र रॉक आणि ब्लूज शिकत होता. "मामा, ह्यात सूर वाकवतात," तो म्हणाला. मी म्हटले, पेटीच्या जातीचे वाद्य ते, त्यात सूर कसला वाकतो?

वाचकहो, हा प्रश्न जुना आहे. पेटी काय आणि माउथ ऑर्गन काय, दोन्हींत पितळी पट्टी वाऱ्याने थरथरते. पट्टीचा सूर ठरलेला, त्यामुळे मींड नाही, श्रुती नाही, हाच पेटीवरचा मुख्य आरोप. त्याच आरोपावरून १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. आमच्या गोव्यातल्या देवळांत मात्र भजनाला पेटी वाजतच राहिली, ते सोडा.

पण ज्या पट्टीला आपण मुकी ठरवत होतो, तिलाच अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या वादकांनी मींड घ्यायला लावली होती. जर्मनीत ट्रॉसिंगन गावच्या होनर या घड्याळजीने १८५७ पासून ही वाद्ये बनवायला घेतली. त्यांचे 'मरीन बँड' हे दहा छिद्रांचे मॉडेल १८९६ मध्ये निघाले. मौलाबक्ष वारले तेही त्याच वर्षी. जर्मन सुतारकामात ते लोकगीतांसाठी घडलेले वाद्य. काळ्या वादकांनी ते उलटे धरले म्हणा ना. सी पट्टीचा माउथ ऑर्गन घेऊन ते जी हा षड्ज मानतात, म्हणजे दुसऱ्या छिद्रात श्वास आत ओढला की सा. मग सप्तकात निषाद आपोआप कोमल येतो. आपल्या भाषेत खमाज थाटच झाला की!

खरी गंमत तिसऱ्या छिद्रात. तिथे श्वास ओढला की शुद्ध गंधार. जीभ मागे घेऊन तोंडाची पोकळी बदलली की त्याच छिद्रातल्या दोन पट्ट्या एकमेकींना खेचतात आणि सूर उतरू लागतो, कोमल गंधारापर्यंत, त्याच्याही खाली ऋषभापर्यंत. ब्लूजचा गंधार या शुद्ध आणि कोमलच्या मधे कुठेतरी असतो. हे ऐकून मी गप्पच बसलो. श्रुतींवर आपल्याकडे केवढे ग्रंथ झाले, आणि हे लोक शेतावर, रेल्वेच्या आवाजाची नक्कल करता करता तिथे पोचले. पुढे शिकागोत लिटल वॉल्टरने मायक्रोफोन आणि माउथ ऑर्गन एकाच ओंजळीत धरून ॲम्प्लिफायरमधून आवाज काढला. त्याची 'ज्यूक' ही रेकॉर्ड १९५२ ची. रॉकवाल्यांनी तिथूनच उचलले.

भाच्याच्या वहीत मी डोकावलो. आकडा म्हणजे छिद्र, आधी उणे चिन्ह म्हणजे श्वास आत, वर स्वल्पविरामासारखी खूण म्हणजे सूर वाकवा. किती वाकवायचा, ते खुणेत कळत नाही. त्यासाठी तो एकच ओळ मोबाइलवर संथ करून पन्नास वेळा ऐकतो. मौलाबक्षांच्या लिपीलाही हीच अडचण असणार, गायनशाळेत गुरुजी ठेवावेच लागले.

ताईला फोनवर सांगितले, पोरगा वाया गेलेला नाही, रियाज करतो आहे. ती म्हणाली, "आणि परीक्षा?" तेवढ्यात आतून भाच्याने ओरडून सांगितले की चौथ्या छिद्राची पट्टी दम लावून लावून उतरली आहे, नवा माउथ ऑर्गन घ्यावा लागेल. ते मात्र मी ताईला सांगितले नाही.