मोटारीची बैठक

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा इंजिनापाशी सुरुवात करतात आणि इंजिनापाशीच थांबतात. सिलिंडर किती, अश्वशक्ती किती, कोणत्या शर्यतीत कोण पहिला आला, एवढे सांगून झाले की ग्रंथ पुरा होतो. ज्या गादीवर बसून हे सारे पराक्रम घडले तिच्याविषयी चार ओळीही सापडत नाहीत. आम्हांस मात्र असे वाटते की, जुन्या स्पोर्ट्स मोटारीचा काळ ओळखावयाचा असेल तर आधी तिची बैठक उसवून पाहावी. उसवून पाहावी असे म्हटले खरे; पण ती उसवावी की नाही हाच आज वादाचा प्रश्न होऊन बसला आहे, आणि त्याचा विचार करण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

1906 साली जर्मनीतील श्टुटगार्ट शहरी विल्हेल्म रॉयटर नावाच्या गृहस्थाने गाड्यांचे साटे बांधण्याचा कारखाना काढला. हा गृहस्थ यंत्रज्ञ नव्हता. व्यवसायाने तो जीनगर होता. त्या काळी गिऱ्हाईक एका कारखान्यातून चाके आणि इंजिन घेई व वरचा साटा दुसऱ्याकडून बांधून घेई. ज्याला लाकूड, कातडे आणि टाचणी यांची माहिती तो या कामास लायक. म्हणजे घोडागाडीचे कारागीरच मोटारीचे कारागीर झाले. जर्मन भाषेत मोटारीच्या गाद्या करणाऱ्याला आजही सॅटलर, म्हणजे जीनगरच, म्हणतात. घोडा गेला, खोगीर गेले, नाव राहिले. आपल्याकडे नेमके उलट झाले. जीनगर हे समाजाचे नाव म्हणून उरले आणि मोटारीच्या गाद्यांचे काम 'कुशनवाला' या नव्या नावाच्या माणसाकडे गेले.

ऑस्ट्रियातील ग्म्युंड गावच्या आडोशाला गेलेला पोर्शचा कारभार महायुद्धानंतर श्टुटगार्टला परतला, तेव्हा त्याने 1949 च्या अखेरीस रॉयटरकडे 500 पोलादी साट्यांची मागणी नोंदविली. 1950 च्या एप्रिलात त्यांतली पहिली गाडी बाहेर पडली. हीच ती प्रसिद्ध 356. 1965 सालापर्यंत अशा सुमारे 76,000 गाड्या निघाल्या, आणि त्यांतील बहुतेकांच्या बैठका रॉयटरच्या छपराखाली शिवल्या गेल्या.

त्या काळच्या बैठकीचे पोट फाडून पाहिले तर आत काय असे? सर्वांत खाली पोलादी चौकट. तिच्यावर वळणदार तारेच्या स्प्रिंगा, एकमेकींस तारेच्या आकड्यांनी जखडलेल्या. स्प्रिंगांची टोके वर घुसू नयेत म्हणून गोणपाट. गोणपाटावर केसांचा थर: जनावरांचे केस पिळून त्यांना वळण द्यावयाचे आणि रबराच्या चिकाने बांधून त्यांची जाड तबके करावयाची. या थराचा गुण असा की, त्यातून हवा खेळते आणि माणूस उठला की तो पुन्हा वर येतो. पोर्शची थोरली बहीण जी फोक्सवॅगन, तिच्या गाद्यांत केसांऐवजी नारळाचा काथ्याही असे. कोकणातल्या माणसाने तिची जुनी गादी फाडली तर त्यास घरचीच आठवण यावी. केसांवर कापसाचा पातळ थर आणि त्यावर कातडे, नकली कातडे किंवा कॉर्डुरॉय. शिवणींना गोट. यातले काहीही मोटारीसाठी म्हणून प्रथम शोधलेले नव्हते. स्प्रिंगा दिवाणखान्यातल्या खुर्च्यांतून आल्या, गोट शिंप्याकडून आला, केस तबेल्यातून आले.

कातड्यापुरता आपलाही दूरचा संबंध लागतो. जुन्या रीतीने कातडे कमावण्यास सालीचा आणि फळांचा तुरट अर्क लागे. त्यात हिरड्याला मोठा मान. इंग्लंडच्या बाजारात हिंदी हिरड्याच्या प्रती बंदरांच्या व गावांच्या नावांनी ओळखल्या जात, आणि त्यांतल्या एकीचे नाव होते 'विंगोर्ला'. हे आपले वेंगुर्ले. 1884 सालानंतर क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत पसरली व हिरड्याचा तो मान कमी होत गेला.

आता एक गंमत. 1954 साली न्यूयॉर्कचा मोटारविक्या मॅक्स हॉफमन याच्या आग्रहावरून पोर्शने 356 ची एक स्वस्त आवृत्ती काढली. किंमत 3,000 डॉलरांच्या आत हवी होती. ती 2,995 ठरली. मग काटकसर सुरू झाली. समोरची काच बुटकी केली, दारांच्या वरखाली होणाऱ्या काचा काढल्या, आणि पाठ कलणाऱ्या आरामशीर बैठकांच्या जागी पातळ पत्र्याच्या द्रोणासारख्या बैठका बसविल्या. या गाडीचे नाव स्पीडस्टर. द्रोणातला माणूस वळणावर घसरत नाही, हा फायदा होताच. पण मुळात ती गरिबाची बैठक होती. 1958 साली तिची जागा घेणाऱ्या गाडीत कलणाऱ्या बैठका आणि काचा दोन्ही परत आल्या. आज मात्र हाच द्रोण शौर्याचे चिन्ह मानला जातो, आणि कित्येक मालक आपल्या बंद टपाच्या गाडीतील मूळ उत्तम बैठक काढून तेथे त्याची नक्कल बसवितात. त्यास मौज वाटत असेल तर आमची हरकत नाही. मात्र त्यास जीर्णोद्धार म्हणू नये.

जीर्णोद्धार करणाऱ्यापुढे पहिली अडचण येते ती केसांच्या थराची. साठ-सत्तर वर्षांत रबराचा चीक कडक होतो व थराचा भुगा पडतो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कारागीर सर्रास काय करीत? सारे काढून फेकीत आणि फोमचा ठोकळा कापून बसवीत. काम दोन दिवसांत होई. मग मालक गाडीत बसे आणि त्याच्या ध्यानात येई की डोके टपाला लागते आहे आणि सुकाणूचे चाक मांडीवर टेकते आहे. मूळ बैठकीत माणूस स्प्रिंगांत खोल रुतून बसेल, हे गृहीत धरून सगळी गाडी आखलेली होती. घट्ट फोम त्यास रुतू देत नाही. दोन इंच उंचीने रस्ता वेगळा दिसतो.

इंग्लंडच्या जॅग्वार ई-टाइपचे उदाहरण याहून बोलके आहे. ही गाडी 1961 च्या मार्चमध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात मांडली गेली तेव्हा तिच्या रूपावर सगळे भाळले. पण उंच माणसास पाय ठेवण्यास जागा नव्हती. 1962 साली कारखान्याने सपाट तळ बदलून टाचांसाठी खोलगट भाग दिला, आणि 1964 च्या अखेरीस 4.2 लिटरचे इंजिन आले तेव्हा बैठकाही सुधारल्या. म्हणजे पहिल्या वर्षाची गाडी अडचणीची आहे आणि ती अडचण हाच तिचा दाखला आहे. तिच्यात नंतरचा तळ व नंतरची बैठक घालणारा मनुष्य सुखाने बसतो, पण सुंदर वस्तू करण्याच्या भरात कारखाना माणसाचे पाय कसा विसरला, ही हकीकत तो पुसून टाकतो.

जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 साली संमत केलेल्या 'तुरीनच्या सनदे'त इमारतींच्या जतनासाठी 1964 साली व्हेनिसमध्ये ठरलेली तत्त्वे मोटारीस लावली आहेत. जुने टिकवावे, बदल परतविता यावेत, नवा भाग बसविल्यास त्यावर न दिसेलशी खूण असावी, असा तिचा आशय. इमारतीपुरते हे ठीक. पण देवळाच्या खांबावर कोणी शंभर मैलांचा प्रवास करीत नाही; गादीवर करतात. चालविण्याच्या गाडीत भुगा झालेला थर ठेवा असे सांगणे हा निव्वळ सोवळेपणा होय.

आमचे मत विचाराल तर असे: चौकट आणि स्प्रिंगा शक्य तोवर मूळच्याच ठेवाव्यात, तुटलेली तार तेवढी बदलावी. केसांचा थर गेला असेल तर केसांचाच घालावा. तशी तबके आजही मिळतात. कातडे फाटले असेल तेथे आतून ठिगळ द्यावे, आणि सारेच गेले असेल तरच नवे शिवावे. नवे शिवताना जुन्या गोटाची शिवण अवश्य उलगडावी, कारण उन्हाने सारी बैठक विटली तरी गोटाच्या दुमडीत मूळ रंग ताजा असतो. कारखान्यात कापणाऱ्याने खडूने केलेल्या खुणाही कधी कधी कातड्याच्या मागल्या अंगावर तशाच असतात. काढलेले कातडे व थराचा एक तुकडा तारीख घालून पेटीत ठेवावा आणि ती पेटी गाडीबरोबरच पुढच्या मालकाकडे जावी. आम्ही हे म्हणतो तेव्हा कारागीर हसतात. त्यांच्या लेखी तो कचरा असतो, आणि जागेचे भाडे त्यांना भरावयाचे असते, आम्हांस नव्हे.

रॉयटरच्या घराण्याचे पुढे काय झाले? 1963 साली पोर्शने त्यांचा साट्यांचा कारखाना विकत घेतला. त्यांच्याकडे उरल्या फक्त बैठका. रॉयटर आणि कॅरोसेरी या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून त्यांनी रेकारो हे नाव घेतले आणि 1965 साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आपली पहिली स्पोर्ट्स बैठक मांडली. जीनगराचा धंदा अशा रीतीने फिरून गादीवरच आला. पुढे मालक बदलले. मोटारीच्या बैठका करणाऱ्या त्यांच्या जर्मन कंपनीने 2024 च्या जुलैमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.