प्रश्न विचारणाऱ्या राजाचं कॉलेज

राजांच्या नावाची कॉलेजं आपल्याकडे भरपूर आहेत. कुणी लढाया जिंकल्या, कुणी किल्ले बांधले, कुणी दानधर्म केला. छत्रपती संभाजीनगरात मात्र एक कॉलेज अशा राजाच्या नावाने उभं आहे, ज्याचं नाव त्याने विचारलेल्या प्रश्नांमुळे टिकलं. मिलिंद महाविद्यालय.

मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक वंशाचा राजा. त्याने भिक्खू नागसेनांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं म्हणजे पाली भाषेतला ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ. त्यात चर्चेला बसण्याआधी नागसेन राजाला एक अट घालतात. पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलतो, राजांसारखं बोलणार असाल तर नको. पंडितांच्या वादात एकमेकांचं म्हणणं खोडलं जातं, चुका दाखवल्या जातात, पण कुणी रागावत नाही. राजे मात्र आपलं मत मांडतात आणि ज्याला ते पटत नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद राजा पंडितांच्या रीतीने बोलायला तयार होतो.

वेगवेगळ्या जातींची, धर्मांची, आर्थिक थरांतली मुलं एका वर्गात आली की त्यांच्या शिकण्यावर काय परिणाम होतो, यावर आज जगभर संशोधन चालतं. त्यातले निष्कर्ष वाचताना मला वारंवार नागसेनांची ही अट आठवते. कारण या शहरात हा प्रयोग संशोधकांच्या आधी, १९५० साली सुरू झाला होता.

त्या वेळचा मराठवाडा डोळ्यांसमोर आणा. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. घरात मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, कारण १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमच उर्दू होतं. औरंगाबादेत १९२३ पासून इंटरपर्यंतचं सरकारी कॉलेज होतं. पुढे पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठायचं. ज्याच्या घरी जमीनजुमला किंवा सरकारी नोकरी, त्याचंच ते काम. खेड्यातल्या दलित मुलाला तर गावच्या शाळेतसुद्धा बाहेर बसावं लागायचं.

अशा मुलखात जून १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने कॉलेज काढलं. ही संस्था बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केली होती आणि मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं होतं. त्याच १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. मराठवाड्याला शिक्षणाची भूक किती होती, ते यावरून कळतं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते औरंगाबादच्या कॉलेजच्या इमारतीची कोनशिला बसली. पुढे बाबासाहेबांनीच कॉलेजला मिलिंदचं नाव दिलं. परिसराचं नाव झालं नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघंही त्या पत्त्यात आले.

हे कॉलेज दलितांसाठी निघालं, पण दारं सगळ्यांना उघडी होती. मराठवाड्यात दुसरा पर्यायही फारसा नव्हता. त्यामुळे ज्यांच्या गावात पाणवठे वेगळे होते, ती मुलं एका वर्गात आली. पहिल्या काळातले प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः दलित नव्हते. त्यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं आणि मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणलं. दलित रंगभूमीच्या इतिहासाची सुरुवात अनेक अभ्यासक या नाटकापासून करतात.

नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही, हे या संस्थेला पक्कं माहीत होतं. मुंबईच्या सिद्धार्थमध्ये नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग होते. औरंगाबादेत खेड्यांतून येणाऱ्यांसाठी वसतिगृह होतं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली होती, जिला पोरं अजूनही ‘जीओआय’ म्हणतात. झोपायला जागा, दोन वेळचं जेवण आणि फीची सोय झाल्याशिवाय वर्गातली विविधता फक्त हजेरीपटावर दिसते.

आता या प्रयोगाचं फलित कशात मोजायचं? निकालाच्या टक्केवारीत मोजता येईल. मला १९६७ साल जास्त महत्त्वाचं वाटतं. तोवर प्राचार्यपदी डॉ. म. ना. वानखेडे होते. ते अमेरिकेत शिकून आलेले आणि तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचं साहित्य जाणणारे. त्या वर्षी मिलिंदच्या परिसरातून ‘अस्मिता’ नावाचं त्रैमासिक निघालं. लवकरच ते ‘अस्मितादर्श’ झालं आणि मिलिंदमध्येच मराठी शिकवणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते पुढची जवळपास पाच दशकं चालवलं. त्यातला मूळ प्रश्न साधा होता. मराठी साहित्य म्हणून आम्हाला जे शिकवता, त्यात आम्ही कुठे आहोत?

हा प्रश्न वर्गात पहिल्यांदाच आलेल्या माणसाचा आहे. पिढ्यान् पिढ्या तिथे बसलेल्याला तो सुचत नाही, कारण त्याला पुस्तकात आपलं घर दिसत असतं. पण एकदा विचारला गेल्यावर तो सगळ्यांचाच झाला. आज महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत दलित साहित्य अभ्यासक्रमात आहे आणि ते सगळ्या जातींची मुलं वाचतात. म्हणजे नवे विद्यार्थी आले आणि शिकवण्याचा मजकूर बदलला. माझ्या मते विविधतेचा शिक्षणावर होणारा सगळ्यात खोल परिणाम हाच.

अमेरिकेत हाच मुद्दा वेगळ्या वाटेने आला. मिशिगन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया गुरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी विविधतेचे प्रकार वेगळे केले. एक, पटावर किती गटांची मुलं आहेत. दोन, अभ्यासक्रमात त्या गटांबद्दल काही शिकवलं जातं का. तीन, वर्गाबाहेर ही मुलं एकमेकांशी खरंच बोलतात का. विचारशक्तीची वाढ दिसली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराशी जोडलेली. पहिला प्रकार म्हणजे फक्त संधी. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विविधतेमुळे सगळ्यांनाच फायदा होतो हा युक्तिवाद मान्य केला आणि २०२३ मध्ये तोच दरवाजा जवळपास बंद केला.

या युक्तिवादात एक मेख आहे. ‘तुम्ही आलात की आमची मुलं चांगली शिकतात’ असं म्हटलं की येणारा विद्यार्थी दुसऱ्याच्या शिक्षणाचं साधन होतो, आणि उद्या फायदा मोजण्यात घोळ झाला तर त्याची जागाही जाते. आपल्याकडे क्रम उलटा होता. शिकणं हा हक्क म्हणून मुलं आली, सगळ्यांचा फायदा त्यातून निघाला. हा क्रम मला जास्त भक्कम वाटतो.

पण आपल्याकडेही हे सुखासुखी झालं नाही. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने त्याला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, माणसं मारली गेली. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, नामविस्तार म्हणून. मधली साडेपंधरा वर्षं राजांच्या रीतीचा वाद चालला होता. मत न पटणाऱ्याला शिक्षा.

याच मिलिंदमधून बी.ए. झालेला आणि याच विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. केलेला अमरावती जिल्ह्यातला एक विद्यार्थी पुढे दिल्लीत विद्यापीठ अनुदान आयोगाचा अध्यक्ष झाला. डॉ. सुखदेव थोरात. त्यांनी आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. पदवी तीच होती, शिकणंही तेच. दारावर मात्र नाव वाचलं गेलं.

त्याच वर्षी थोरात समितीचा दिल्लीच्या ‘एम्स’वरचा अहवाल आला. देशातल्या सर्वांत कठीण प्रवेशपरीक्षांपैकी एक पार करून आलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना समितीने वर्गाबद्दल, तोंडी परीक्षेबद्दल, वसतिगृहाबद्दल विचारलं. सुमारे ७२ टक्के मुलांनी शिकवताना भेदभाव होत असल्याचं सांगितलं. शिक्षकांकडून पुरेशी मदत मिळत नाही, असं सुमारे ६९ टक्क्यांचं म्हणणं होतं. म्हणजे पटावर विविधता होती. पण ज्याला शंका विचारताना आपण उघडे पडू अशी भीती वाटते तो गप्प बसतो, आणि गप्प बसलेला मागे पडतो. मग लोक म्हणतात, बघा, झेपत नाही.

२०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षणात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी आहेत. त्यांतले १५.३ टक्के अनुसूचित जातींचे, ६.३ टक्के अनुसूचित जमातींचे, ३७.८ टक्के इतर मागासवर्गीय. हजेरीपट बदलला आहे, ही काही लहान गोष्ट नाही. पण नागसेनांची अट पटावर लिहिलेली नसते.

ती तपासणं तुमच्या हातात आहे. आपल्या वर्गात एक आठवडा नुसतं बघा. शंका कोण विचारतं? प्रॅक्टिकलचे गट कोण पाडतं आणि शेवटी कोण उरतं? कुणाचे उच्चार ऐकून मागच्या बाकावर हसू फुटतं? जीओआय अडकली म्हणून परीक्षेच्या फॉर्मसाठी कुणाची धावपळ चालली आहे? वसतिगृहात कोण कुणाच्या खोलीत जाऊन जेवतं? आणि सरांचं म्हणणं खोडून काढणारं कुणी बोललं, तर सर पंडितासारखे ऐकतात की राजासारखे?