जुनी शिडाची नौका नव्या हंगामासाठी सज्ज करताना

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर संध्याकाळच्या गर्दीत उभे राहिले, तर समुद्राची आठवण होण्याचे काही कारण नाही. कापडाची दुकाने, वाहनांची दाटी आणि खरेदीला आलेली कुटुंबे असे तेथील दृश्य असते आणि जवळचा किनाराही सुमारे दीडशे किलोमीटरवर राहतो. तरीही एकोणिसाव्या शतकात या शहराच्या बाजारपेठेचे वर्ष शिडाच्या जहाजांच्या हंगामाशी बांधलेले होते. हुबळी-धारवाड भागातील कापूस बैलगाड्यांतून घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात येई आणि तेथून फत्तेमाऱ्यांतून मुंबईला जाई. पीक पठारावरचे असले, तरी बाजारात ते 'कुमठा' कापूस या बंदराच्या नावानेच ओळखले जाई. १८६२ साली उत्तर कन्नड जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, त्यामागेही कापसासाठी कारवारचे बंदर विकसित करण्याचा विचार होता.

पावसाळ्यात ही वाहतूक थांबत असे. मे महिन्याच्या अखेरीपर्यंत जो माल जहाजावर चढला नाही, तो समुद्र शांत होईपर्यंत अडकून पडे. या मधल्या काळात फत्तेमाऱ्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास झाप उतरत आणि सुतार, खलाशी व तांडेल डागडुजीला लागत. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून भरणे, राळ व तेल यांचा लेप देणे, शिडे उसवून पुन्हा शिवणे ही कामे उरकल्यावरच जहाज पाण्यात उतरे. म्हणजे येथला कापूस दोन वाटांनी समुद्रावर जात होता: जहाजाच्या पोटात माल म्हणून आणि जहाजाच्या सांध्यांत भराव म्हणून.

१८८० च्या दशकाच्या अखेरीस मुरगाव बंदर लोहमार्गाने पठाराशी जोडले गेले आणि हुबळीच्या मालाला दुसरी वाट मिळाली. पुढे मालवाहू शिडाची जहाजेही मागे पडली. आज गोव्याच्या मांडवी-झुआरीत दिसणाऱ्या शिडाच्या नौका सहलीच्या, शर्यतीच्या किंवा प्रशिक्षणाच्या आहेत. त्यांतील बऱ्याच जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या असतात. पावसाळ्यातील विश्रांती आणि त्यानंतरची तयारी हा क्रम मात्र त्यांनाही चुकलेला नाही.

वय हा अडथळा नाही

नौका जुनी आहे म्हणून ती निकामी ठरत नाही. 'गोल्डन ग्लोब' या एकट्याने करावयाच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्या नौकाच चालतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीत भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी अशाच, 'रस्टलर ३६' जातीच्या 'बयानात' या नौकेतून उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने परतले.

गोव्यात बांधलेली नौदलाची 'तारिणी' हे दुसरे उदाहरण. फेब्रुवारी २०१७ मध्ये ती नौदलात दाखल झाली. सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात २५४ दिवसांची प्रदक्षिणा पूर्ण केली. सात वर्षांनी, २ ऑक्टोबर २०२४ रोजी, तीच नौका दोन महिला अधिकाऱ्यांसह गोव्यातून पुन्हा निघाली आणि २९ मे २०२५ रोजी परतली. एकाच नौकेला दोनदा जग पालथे घालता येते. त्यासाठी प्रत्येक भाग वेळेवर उघडून पाहावा लागतो. ती तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे पुढे दिले आहे.

कामाचे वेळापत्रक

गोव्यात ऑक्टोबरमध्ये नौका पाण्यात उतरवावयाची असेल, तर तयारी ऑगस्टमध्ये सुरू करावी. पावसाळी दमट हवेत इपॉक्सी नीट घट्ट होत नाही, त्यावर चिकट थर येतो आणि वरचा रंग पुढे सुटतो. म्हणून ऑगस्टमध्ये शेडखाली उघडणे, तपासणे, यादी करणे आणि सुटे भाग मागवणे ही कामे करावीत. घासकाम व डागडुजी सप्टेंबरच्या उघडिपीत करावी आणि रंग अगदी शेवटी लावावा. घाईने आधी रंग देऊन नंतर दोष शोधणे म्हणजे दुहेरी खर्च.

तळ आणि कवच

फायबर ग्लासच्या नौकेचा तळ धुऊन वाळवावा आणि प्लास्टिकच्या लहान हातोडीने हलके ठोके देत सर्व बाजूंनी ऐकत जावे. भक्कम भाग खणखणीत वाजतो, तर थर सुटलेला किंवा ओल धरलेला भाग बद्द आवाज देतो. अशा जागी खडूने खूण करावी. जुन्या कवचावर बारीक फोड दिसतात. त्यांत साचलेल्या द्रवाला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि तो दाबाखाली असू शकतो, म्हणून फोड उघडताना डोळ्यांवर चष्मा हवाच. मोजके फोड उघडून, धुऊन, पूर्ण वाळवून इपॉक्सीने भरता येतात. सगळा तळ फोडांनी भरला असेल, तर जाणकाराला दाखवल्याखेरीज पुढे जाऊ नये.

लाकडी नौकेत टोच्याने फळ्या तपासाव्यात. टोच्या सहज रुतला, तर लाकूड कुजले आहे किंवा आतून किड्यांनी पोखरले आहे असे समजावे. कण्याचे बोल्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतात. त्यांच्या नटांभोवती गंजाचे ओघळ दिसत असतील, तर किमान एक बोल्ट काढून पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

लाकडी नौकेचा आणखी एक शत्रू म्हणजे कोरडी हवा. मुंबईत सागवानात बांधलेल्या ३२ फुटी 'सुहेली'तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसे करणारे ते पहिले. पुढे ही नौका ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. तेथील नियंत्रित हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या, तेव्हा त्यांनी २००२ मध्ये ती बाहेर काढून पुन्हा दुरुस्त करून घेतली. लाकूड ओल धरून फुगते आणि त्यामुळेच सांधे मिटतात. म्हणून लाकडी नौका उन्हात उघडी ठेवू नये आणि पाण्यात उतरवण्यापूर्वी काही दिवस ओल्या पोत्यांनी झाकावी.

सांध्यांतील जुना भराव हाताला सैल लागला, तर तो काढून नवा कापूस भरावा. त्या प्रवासात 'सुहेली'ला कण्याजवळच्या सांध्यांतून गळती लागली होती. नॉक्स-जॉन्स्टन यांना भर अटलांटिकमध्ये पाण्याखाली उतरून तेथे कापूस ठोकावा लागला. जमिनीवर बसून तेच काम निवांतपणे करता येते.

शेवाळ व शिंपले रोखणारा तळाचा रंग तांबेयुक्त असतो. जुना थर कोरडा घासू नये. पाणी मारून घासावा, तोंडावर योग्य मास्क असावा आणि निघालेला गाळ नदीत सोडू नये. नवा रंग लावल्यावर किती तासांनी नौका उतरवायची, हे डब्यावर दिलेले असते. ती मर्यादा पाळली नाही, तर रंगाचा उपयोग कमी होतो.

तळातील छिद्रे आणि झडपा

इंजिनचे थंड पाणी, मोरी आणि शौचकूप यांसाठी नौकेच्या तळाला छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रावरची झडप पूर्ण उघडून व बंद करून पाहावी. अडकली, तर जोर लावू नये. ती खोलून साफ करावी किंवा बदलावी. पितळी झडपेचा रंग गुलाबीसर झाला असेल, तर त्यातील जस्त निघून गेले आहे आणि उरलेला धातू ठिसूळ आहे असे समजावे. अशी झडप हातात तुटू शकते. पाण्याच्या पातळीखालील नळीला दोन क्लिपा असाव्यात. प्रत्येक झडपेजवळ त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवावी. नळी निसटली, तर ती एक खुंटी नौका वाचवते.

धातूच्या भागांचे रक्षण करण्यासाठी लावलेले जस्ताचे तुकडे निम्म्याहून अधिक झिजले असतील, तर नवे बसवावेत. त्यांवर रंग मात्र कधीही देऊ नये.

सुकाणू

सुकाणूचे पाते दोन्ही हातांनी धरून हलवावे. खटखट जाणवली, तर बेअरिंग झिजले आहे. पात्याच्या खालच्या कडेला पाण्याचा थेंब दिसला, तर पाणी आत शिरले आहे. चाकाच्या नौकेत तारा, साखळी आणि कप्प्या उघडून पाहाव्यात. 'तारिणी'लाही पहिल्या प्रदक्षिणेच्या शेवटच्या टप्प्यात, एप्रिल २०१८ मध्ये, सुकाणूच्या यंत्रणेतील बिघाडामुळे मॉरिशसच्या पोर्ट लुईसला वळावे लागले होते. उत्तम निगा राखलेल्या नौकेवर ही वेळ येते, तर आपल्या नौकेत आणीबाणीचा सुकाणूदांडा जागेवर आहे ना आणि तो बसवता येतो ना, हे धक्क्यावरच करून पाहावे.

डोलकाठी, तारा आणि दोर

डोलकाठी पडण्याचे कारण बहुधा एखादी छोटी पिन किंवा तुटलेली तार असते. काठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांवरून कागदी रुमाल फिरवावा. तुटलेला धागा असेल, तर कागद त्यात अडकतो. हात फिरवून पाहण्याचा मोह टाळावा. तारेच्या टोकाशी, जेथे ती धातूच्या नळीत दाबलेली असते, तेथे गंज किंवा चीर भिंगाने शोधावी. एक धागा तुटलेला दिसला, तरी ती तार बदलावी. दहा-बारा वर्षे झालेल्या तारा वरून चांगल्या दिसल्या, तरी भर समुद्रात त्यांवर विसंबू नये. तारा ज्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात, त्या पट्ट्या डेकमधून खाली जातात. तेथील ओल बाहेरून दिसत नाही, म्हणून आतले आच्छादन काढून पाहावे.

शिडे

शिडाच्या कापडाआधी त्याची शिवण मरते. उन्हाने दोरा जळतो. नखाने शिवण खरवडून पाहावी. दोरा तुटून आला, तर संपूर्ण शिवण पुन्हा घालावी. कोपरे, कडा आणि डोलकाठीला घासणारा भाग विशेष पाहावा. शीड गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवूनच घडी करावे. सुती शीड ओले ठेवले तर ते कुजते. कृत्रिम धाग्याचे शीड कुजत नाही, पण बुरशीचे डाग धरते.

इंजिन, पाणी, वीज आणि गॅस

चार महिने उभ्या राहिलेल्या टाकीत पाणी व काळा गाळ साचतो. डिझेलचा तळ काढून टाकावा, फिल्टर बदलावेत आणि थंड पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा नवा बसवावा. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी धुवावी. २०१३ मध्ये 'म्हादेई'तून विनाथांबा प्रदक्षिणा संपवण्याच्या बेतात असताना अभिलाष टॉमी यांना पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळल्याचे आढळले आणि उरलेल्या थोड्या पाण्यावर भागवावे लागले. तेव्हापासूनचा धडा असा, की पाणी एकाच टाकीत ठेवू नये.

बॅटरीची टोके घासून ग्रीस लावावे. तळाशी साचणारे पाणी उपसणारा पंप प्रत्यक्ष पाणी ओतून चालवून पाहावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे तपासावेत.

सुरक्षा आणि कागदपत्रे

लाइफ जॅकेट प्रत्येकासाठी, त्याच्या मापाचे असावे. संकेतज्योतींवरील मुदत वाचावी. अग्निशामकाचा दाब पाहावा. रेडिओ संच आणीबाणीच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर ऐकू येतो ना, ते तपासावे. भारतीय तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ नौकेत ठळक लिहून लावावा. नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा यांची मुदत पावसाळ्यात संपलेली असू शकते. गोव्यातील मालकांनी ती बंदर कप्तान खात्याकडून वेळीच नूतनीकृत करून घ्यावी.

पाण्यात उतरल्यावर

नौका पाण्यात ठेवल्याबरोबर निघू नये. क्रेनचे पट्टे सुटण्यापूर्वी आत जाऊन प्रत्येक झडप हाताने तपासावी. पहिली रात्र नौका धक्क्यालाच बांधून ठेवावी आणि दर काही तासांनी तळ पाहावा. लाकडी नौका सुरुवातीला थोडी गळणे स्वाभाविक आहे. दोन दिवसांत गळती कमी होत नसेल, तर नौका पुन्हा वर काढावी. पहिली फेरी नदीतच, मंद वाऱ्यात आणि किनाऱ्याच्या नजरेत असावी. ताण आल्यावर तारा सैल होतात, त्या परतल्यावर पुन्हा आवळाव्यात.

शेवटी एक वही ठेवावी. काय उघडले, काय बदलले आणि काय पुढच्या वर्षावर टाकले, हे तारखेसह लिहावे. जुन्या नौकेची किंमत तिच्या रंगापेक्षा त्या वहीवरून अधिक कळते. पूर्वी कुमठ्याच्या किनाऱ्यावर ही वही तांडेलाच्या डोक्यात असे, आणि घाटावरच्या व्यापाऱ्याचा माल त्या स्मरणशक्तीवर विसंबून समुद्रात जाई. आज नौकेवर कापसाच्या गासड्यांऐवजी आपली माणसे असतात. यादीतले एखादे काम उरले असेल, तर हंगाम आठ दिवस उशिरा सुरू करावा.