शस्त्रक्रियेच्या टेबलावर कमरेचा बाक
कमरेच्या पाच मणक्यांना पुढच्या बाजूस नैसर्गिक बाक असतो. शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला पालथे निजविल्यावर मांड्यांच्या स्थितीनुसार हा बाक बदलतो. गुडघे पोटाकडे घेतल्यास तो कमी होऊन मणक्यांच्या मागील फटी रुंदावतात. सरकलेल्या गादीचा भाग काढणे त्यामुळे सुलभ होते. पोट मात्र अधांतरी, मोकळे ठेवावे लागते. त्यावर दाब आल्यास कण्यातील शिरा फुगून रक्तस्राव वाढतो. स्क्रू व सळया बसवून मणके कायमचे जोडायचे असल्यास मांड्या सरळ ठेवून बाक राखणे आवश्यक ठरते. सपाट अवस्थेत जोडलेला कणा पुढे तसाच राहतो आणि रुग्णाला ताठ उभे राहणेही कठीण जाते.