विद्युत मोटारगाडीतील चालन यंत्रणेचे बिघाड

विद्युत मोटारगाडीतील चालन यंत्रणेचे बिघाड या संज्ञेत बॅटरीतील ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या भागांत निर्माण होणारे दोष येतात. या बिघाडांमुळे गाडीची शक्ती कमी होते, गाडी वाटेत थांबते किंवा मुळात सुरूच होत नाही. विद्युत मोटारीत फिरणारे भाग थोडे असल्याने तिची झीज कमी होते. मात्र गाडी थांबण्याची कारणे बहुधा मोटारीत नसून तिच्या आजूबाजूच्या लहान घटकांत, म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी, काँटॅक्टर, कन्व्हर्टर, संवेदक व जोडण्यांत आढळतात. बिघाडानंतर गाडी चुकीच्या पद्धतीने ओढणे किंवा उच्च विद्युतदाबाच्या भागांना प्रशिक्षणाशिवाय हात लावणे हे अनेकदा मूळ बिघाडापेक्षा अधिक घातक ठरते.

## रचना

विद्युत मोटारगाडीत दोन स्वतंत्र विद्युतमंडले असतात. पहिले उच्च विद्युतदाबाचे असते. बहुतेक गाड्यांत ते ३०० ते ४०० व्होल्टच्या आसपास असते, तर पोर्शे टायकान, ह्युंदाई आयोनिक ५ यांसारख्या गाड्यांत सुमारे ७०० ते ८०० व्होल्टचे असते. मुख्य बॅटरी, इन्व्हर्टर, चालक मोटार, चार्जर व वातानुकूलनाचा काँप्रेसर या मंडलावर चालतात. त्याच्या तारा ओळखू याव्यात म्हणून त्यांना नारिंगी आवरण असते. दुसरे मंडल १२ व्होल्टचे असून त्यावर दिवे, कुलपे, स्टिअरिंगचे साहाय्य, ब्रेकची नियंत्रणे व गाडीतील सर्व संगणकीय एकके चालतात.

या दोन मंडलांना जोडणारा घटक म्हणजे डीसी-डीसी कन्व्हर्टर. तो मुख्य बॅटरीतून १२ व्होल्टची बॅटरी भारित ठेवतो. याउलट, मुख्य बॅटरी चालन यंत्रणेला जोडणारे काँटॅक्टर म्हणजे मोठे विद्युतचुंबकी स्विच हे १२ व्होल्टवर चालतात. त्यामुळे मुख्य बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही १२ व्होल्टची बॅटरी उतरल्यास गाडी सुरू होत नाही.

इन्व्हर्टर बॅटरीच्या एकदिश प्रवाहाचे मोटारीसाठी प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. मोटारीची गती एकाच प्रमाणाच्या गिअरपेटीतून चाकांना मिळते. मोटार, इन्व्हर्टर व गिअरपेटी एकाच आवरणात बसवल्यास त्या जोडसंचाला चालन एकक म्हणतात.

## बिघाडांचे प्रकार

### १२ व्होल्टची बॅटरी व कन्व्हर्टर

पेट्रोल गाडीची बॅटरी अशक्त झाली की स्टार्टर मंद फिरतो आणि चालकाला आगाऊ सूचना मिळते. विद्युत गाडीत स्टार्टर नसल्याने ही खूण मिळत नाही. आदल्या दिवशी व्यवस्थित चाललेली गाडी सकाळी पडद्यावर काहीही न दाखवता बंद आढळू शकते. कन्व्हर्टर निकामी झाल्यास चालत्या गाडीतही १२ व्होल्टची बॅटरी उतरत जाते. अशा वेळी प्रथम इशारा मिळतो, नंतर शक्ती कमी होते आणि शेवटी गाडी थांबते. इशारा आणि थांबणे यांमधील अवधी गाडी सुरक्षित जागी नेण्यासाठी वापरावयाचा असतो.

### काँटॅक्टर व पूर्वभारण

इन्व्हर्टरमध्ये मोठे कपॅसिटर असतात. रिकामे कपॅसिटर बॅटरीला एकदम जोडले, तर क्षणार्धात प्रचंड प्रवाह वाहून काँटॅक्टरची टोके वितळू शकतात. म्हणून प्रथम एका रोधकातून ते हळूहळू भारित केले जातात व नंतरच मुख्य काँटॅक्टर जोडला जातो. या क्रमाला पूर्वभारण म्हणतात. पूर्वभारण पूर्ण न झाल्यास, किंवा काँटॅक्टरची टोके चिकटून बसल्यास, नियंत्रण प्रणाली गाडी सुरू होऊ देत नाही.

### विद्युतरोधनातील दोष

उच्च विद्युतदाबाचे मंडल गाडीच्या धातूच्या सांगाड्यापासून पूर्णपणे अलग ठेवलेले असते आणि हे अलगपण सतत मोजले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमन क्रमांक १०० नुसार एकदिश मंडलासाठी प्रत्येक व्होल्टमागे किमान १०० ओहम, तर प्रत्यावर्ती मंडलासाठी ५०० ओहम रोध आवश्यक असतो. ४०० व्होल्टच्या एकदिश मंडलासाठी ही मर्यादा ४०,००० ओहम होते. जोडणीत शिरलेले पाणी, मोटारीत झिरपलेले शीतकद्रव्य किंवा उंदरांनी कुरतडलेली तार यांमुळे रोध घटतो. एका ठिकाणच्या गळतीने लगेच धक्का बसत नाही. परंतु सांगाड्याशी संपर्क झालेला असल्याने दुसऱ्या ठिकाणचा स्पर्श प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे हा इशारा वारंवार पुसून गाडी चालवणे धोक्याचे आहे.

### इन्व्हर्टर, मोटार व गिअरपेटी

इन्व्हर्टरमधील अर्धवाहक स्विच अतितापाने किंवा शीतकाच्या अभावाने निकामी होतात. मोटारीतील रोटरची स्थिती सांगणारा संवेदक बिघडल्यास इन्व्हर्टरला प्रवाहाची वेळ साधता येत नाही आणि गाडी झटके देते किंवा थांबते. धारव्यांमधून भटका विद्युतप्रवाह वाहिल्यास त्यांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे पडतात व वेगानुसार बदलणारी घरघर ऐकू येते. ब्रेक सोडून चाक मोकळे फिरवतानाही हा आवाज येत असेल, तर दोष बहुधा यांत्रिक असतो.

### संरक्षणात्मक मर्यादा

शक्ती कमी होणे म्हणजे प्रत्येक वेळी बिघाड नव्हे. बॅटरी फार थंड, फार तप्त किंवा जवळजवळ रिकामी असताना नियंत्रण प्रणाली स्वतःहून शक्ती घटवते. अनेक गाड्यांत त्यासाठी कासवाच्या चित्राचा दिवा लागतो. बॅटरी पूर्ण भरलेली असताना उतारावर पुनरुत्पादक ब्रेक कमी लागणे हेही स्वाभाविक आहे. अशा वेळी पायाच्या ब्रेकचा वापर करावा लागतो.

## चालत्या गाडीत बिघाड झाल्यास

शक्ती अचानक गेली तरी १२ व्होल्टचे मंडल शाबूत असेपर्यंत स्टिअरिंग व ब्रेक काम करतात. म्हणून गाडी चालत असताना तिचा मुख्य स्विच बंद करू नये. धोक्याचे दिवे लावून, उरलेल्या वेगाचा उपयोग करून गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला घ्यावी. वातानुकूलन व ध्वनियंत्रणा बंद केल्याने उरलेली वीज आवश्यक कामांसाठी वाचते. थांबल्यावर पार्किंग ब्रेक लावावा, प्रवाशांना वाहतुकीपासून दूर, शक्य असल्यास संरक्षक कठड्याच्या पलीकडे उभे करावे व मागे त्रिकोणी परावर्तक ठेवावा. भारतात राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ आणि कोणत्याही आपत्तीत ११२ या क्रमांकावर मदत मिळते.

पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र घेणे उपयुक्त असते, कारण गाडी बंद केल्यावर काही संदेश दिसेनासे होतात. धूर, वास, अपघात, पाण्याचा शिरकाव किंवा विद्युतरोधनाचा इशारा यांपैकी काही नसेल, तर गाडी बंद करून, कुलूप लावून, काही मिनिटांनी एकदा पुन्हा सुरू करून पाहता येते. तात्पुरता संगणकीय दोष असल्यास तो यामुळे दूर होतो. तोच इशारा पुन्हा आल्यास प्रयत्न थांबवावा. पूर्वभारणाचे वारंवार प्रयत्न रोधकाला अतितप्त करतात.

विद्युत गाडी धक्का मारून सुरू होत नाही. उतरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीला पुस्तिकेत दाखवलेल्या टोकांवर बाहेरून वीज देता येते. मात्र विद्युत गाडीवरून दुसरी पेट्रोल गाडी सुरू करू नये, कारण स्टार्टरला लागणारा प्रवाह पुरवण्यासाठी तिचे मंडल बनवलेले नसते.

## गाडी ओढून नेणे

बहुतेक विद्युत गाड्यांची मोटार चाकांना कायमची जोडलेली असते. पेट्रोल गाडीप्रमाणे ती क्लचने सुटी होत नाही. स्थायी चुंबकाची मोटार चाकांबरोबर फिरू लागली की ती जनित्र बनते आणि गाडी बंद असतानाही विद्युतदाब निर्माण करते. त्यातून इन्व्हर्टर जळणे किंवा तारा अतितप्त होणे संभवते. म्हणून चालक चाके जमिनीवर ठेवून गाडी ओढू नये. सपाट तळाच्या वाहनावर गाडी पूर्णपणे चढवून नेणे ही सर्व प्रकारांसाठी सुरक्षित पद्धत आहे.

भारतीय शहरांत पुढची चाके उचलून गाडी ओढण्याची पद्धत रूढ आहे. ही पद्धत मागील चाकांवर किंवा चारही चाकांवर चालणाऱ्या विद्युत गाड्यांना अपायकारक ठरते. पुढील चाकांवर चालणाऱ्या गाडीबाबतही कारखान्याच्या पुस्तिकेतील सूचना पाहाव्या लागतात. बंपरमध्ये बसवावयाचा आकडा मुख्यतः गाडी वाहनावर खेचून चढवण्यासाठी असतो. वीज नसल्याने गाडी पार्किंगच्या स्थितीत अडकली असेल, तर चाकांखाली चाकांच्या पट्ट्या सरकवून ती चढवतात.

## उच्च विद्युतदाब आणि दुरुस्ती

नियमन १०० व भारतीय प्रमाण एआयएस-०३८ यांनुसार ६० व्होल्टपेक्षा अधिक एकदिश किंवा ३० व्होल्टपेक्षा अधिक प्रत्यावर्ती दाब हा उच्च विद्युतदाब मानला जातो. गाडी बंद केल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये काही काळ भार राहतो आणि बॅटरीच्या आतला दाब तर कधीच बंद होत नाही.

दुरुस्तीपूर्वी प्रशिक्षित तंत्रज्ञ गाडी बंद करून किल्ली दूर ठेवतो, १२ व्होल्टची जोडणी काढतो, सेवा-खटका काढून स्वतःजवळ ठेवतो, कारखान्याने सांगितलेला वेळ थांबतो आणि त्यानंतर दाब शून्य असल्याची मापकाने खात्री करतो. मापक स्वतः चालू आहे की नाही, हे मोजणीपूर्वी व मोजणीनंतर ज्ञात विद्युतस्रोतावर तपासले जाते. बिघडलेल्या मापकाने दाखवलेले शून्य फसवे असते. या कामासाठी १००० व्होल्टपर्यंतच्या वापराचे, वर्ग ० चे रबरी हातमोजे वापरतात आणि काम एकट्याने केले जात नाही. वाहनमालकाने किंवा सामान्य गॅरेजमधील कारागिराने नारिंगी तारा व त्यांच्या जोडण्या उघडू नयेत. टायर, वायपर, पायाचे ब्रेक व १२ व्होल्टची बॅटरी यांची कामे मात्र पुस्तिकेनुसार नेहमीप्रमाणे करता येतात.

## पाणी, अपघात व आग

दृश्य हानी किरकोळ असली, तरी बॅटरीच्या आतील दोष उशिरा प्रकट होऊ शकतो. मे २०११ मध्ये अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट या गाडीची धडक-चाचणी झाल्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी ती उभ्या जागी पेटली. सप्टेंबर २०२२ मधील इयन चक्रीवादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही विद्युत गाड्यांनाही नंतर आगी लागल्या. त्यामुळे पुरात बुडालेली गाडी, पाणी ओसरल्यावर कोरडी दिसली तरी, सुरू करू नये व चार्जिंगला लावू नये. ती इमारती व इतर वाहनांपासून दूर मोकळ्या जागी ठेवावी.

लिथियम-आयन बॅटरीतून पांढरा धूर, फुसफुस किंवा तडतड आवाज आल्यास तत्काळ दूर जावे. तिच्या वायूंत विषारी हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो. अशी आग शमवण्यासाठी भरपूर पाण्याने बॅटरी दीर्घकाळ थंड करावी लागते व विझल्यासारखी वाटलेली आग पुन्हा भडकू शकते.

## उल्लेखनीय प्रकरणे

टेस्ला मॉडेल एस या गाडीच्या सुरुवातीच्या चालन एककांतून आवाज येण्याच्या तक्रारींनंतर कंपनीने ऑगस्ट २०१४ मध्ये चालन एककाची हमी ८ वर्षे, अंतराची मर्यादा न ठेवता, अशी वाढवली व ती आधी विकलेल्या गाड्यांनाही लागू केली.

फोर्डने जून २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४९,००० मस्टँग माक-ई गाड्या मागे बोलावल्या. जलद चार्जिंग व वारंवार पूर्ण प्रवेग यांमुळे मुख्य काँटॅक्टर अतितप्त होऊन शक्ती जाण्याची शक्यता होती. प्रारंभी सॉफ्टवेअरमध्ये बदल करण्यात आला. २०२३ मध्ये सुमारे ३५,००० गाड्यांसाठी पुन्हा मोहीम काढून जोडणी-पेटी बदलावी लागली.

ह्युंदाई समूहाच्या गाड्यांत चार्जर व डीसी-डीसी कन्व्हर्टर एकाच नियंत्रण एककात आहेत. त्यातील दोषामुळे १२ व्होल्टची बॅटरी उतरून गाडी थांबण्याची शक्यता आढळल्याने २०२४ मध्ये अनेक देशांत मोहिमा निघाल्या. भारतात जून २०२४ मध्ये १,७४४ आयोनिक ५ आणि जुलै २०२४ मध्ये १,१३८ किआ ईव्ही६ गाड्या तपासणीसाठी बोलावण्यात आल्या.

## भारतातील नियम

चारचाकी विद्युत वाहनांच्या चालन यंत्रणेच्या सुरक्षिततेसाठी एआयएस-०३८ हे प्रमाण लागू आहे. ही प्रमाणे पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेमार्फत प्रकाशित होतात. २०२२ मध्ये विद्युत दुचाकींना लागलेल्या आगींनंतर बॅटरीविषयीच्या तरतुदी कडक करण्यात आल्या. त्या १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या.

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम ११०-अ नुसार सदोष वाहने मागे बोलावण्याचा आदेश शासन देऊ शकते. त्यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले असून ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना लागू होतात. एकाच प्रकारचा दोष अनेक मालकांनी नोंदवल्यास तो निर्मितीतील दोष म्हणून पुढे येऊ शकतो. त्यामुळे वाटेत थांबलेल्या गाडीची तक्रार लेखी नोंदवण्याला महत्त्व आहे.

## प्रतिबंध

शीतकद्रव्याची पातळी व प्रकार पुस्तिकेनुसार राखणे, १२ व्होल्टच्या बॅटरीची ठरावीक मुदतीने तपासणी करणे, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे आणि बॅटरीच्या तळाला दगडाचा मार बसल्यास तपासणी करून घेणे हे प्रमुख प्रतिबंधक उपाय आहेत. बॅटरी व मोटारीवर दीर्घ मुदतीची हमी दिली जाते; उदाहरणार्थ, जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी हमी होती. १२ व्होल्टच्या बॅटरीची हमी मात्र सामान्यतः वेगळी व अल्प मुदतीची असते.