हजेरीपटातील रिकामे रकाने



मिशनच्या शाळेत शिकलेल्या माणसाला शाळेची आठवण विचारावी, तर अभ्यासाआधी तो घंटेविषयी बोलू लागतो. घंटा झाली की दार बंद. उशीर झाला तर हेडमास्तरांची चिठ्ठी, खाडा झाला तर वडिलांचे पत्र. या शिस्तीचे पितृत्व आपण सहजपणे पाद्री मंडळींना देऊन टाकतो. आमच्या लोकांना वेळेची किंमत नव्हती, ती साहेबाने शिकविली, हे वाक्य आपल्या बेळगावात मी अनेक वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. ते खरे नाही.

येथून फार दूर नसलेल्या बळ्ळारी जिल्ह्याचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने १८२३ साली तेथील देशी शाळांविषयी मद्रास सरकारला एक अहवाल पाठविला. शाळा साधारणपणे सकाळी सहाला भरे, असे तो सांगतो. सर्वांत आधी येणाऱ्या मुलाच्या तळहातावर मानाचे चिन्ह म्हणून सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य. त्याला ना शाबासकी, ना शिक्षा. तिसऱ्याला हलकीशी एक छडी, चौथ्याला दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला एकेक वाढीव. विसाव्या मुलाने त्या दिवशी घरीच राहणे पसंत केले असेल, तर त्याला दोष कसा द्यावा! या शाळा गावच्या होत्या, शिक्षक गावचा होता. वक्तशीरपणासाठी आपल्याला बोटीची वाट पाहावी लागली नाही.

मग मिशनने नवे काय आणले? माझ्या मते, लेखी नोंद. देशी शाळेतील उशिराचा हिशेब तळहातावर होई आणि दुपारपर्यंत पुसलाही जाई. मिशनच्या शाळेत तो कागदावर उतरला आणि वर्षअखेरीस लंडन, एडिंबरो किंवा बोस्टन येथील मंडळींकडे आकड्यांच्या रूपाने जाऊ लागला. बेळगावात लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० साली आले. मुंबईत अमेरिकन मिशनचे काम त्याआधी, १८१३ मध्ये, सुरू झाले होते. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये पोहोचले. या सर्वांनाच शाळा ही माणसांपर्यंत जाण्याची वाट होती. त्यामुळे किती मुले नियमित येतात, हा आकडा त्यांच्यासाठी केवळ दप्तराचा विषय नव्हता.

वेळ पाळायची तर ती कोणत्या घड्याळाची, हाही प्रश्न त्या शतकात सोपा नव्हता. मुंबईची स्थानिक वेळ आणि मद्रासची वेळ यांत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास वेळ लादली आणि विरोधापुढे १८८३ मध्ये मागे घेतली. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबई शहर पुढे कित्येक वर्षे ३९ मिनिटे मागेच चालत राहिले. असो.

हजेरीपटाचा खरा इतिहास मात्र भरलेल्या रकान्यांपेक्षा रिकाम्या रकान्यांत आहे. १८३९ साली विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. प्रकरण न्यायालयात गेले; निकाल तरुणांच्या इच्छेप्रमाणे लागला; आणि पालकांनी आपली मुले भराभर शाळेतून काढून घेतली. न्यायालयात समाजाचे चालले नाही, ते हजेरीपटात चालले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींचे धर्मांतर झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर मुंबईत वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपतच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य दाखविले. ज्या समाजाजवळ अर्ज, सभा किंवा मतदान यांपैकी फारसे काही नव्हते, त्याच्याजवळ मुलाला घरी ठेवण्याचे साधन तेवढे होते. गैरहजेरी म्हणजे आळस, हे समीकरण येथे मोडते.

१८६२ मध्ये इंग्लंडातील नव्या शिक्षणसंहितेने या नोंदीला पैशाचे मोल दिले. सरासरी हजेरीवर दर मुलामागे चार शिलिंग आणि वर्षात दोनशेहून अधिक हजेऱ्या भरलेल्या मुलाच्या परीक्षेवर आठ शिलिंग, असा तो हिशेब होता. मुंबई इलाख्यातही त्याच दशकात निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. आता रकाना रिकामा राहिला, तर नुकसान शाळेचे होऊ लागले. शिक्षकाने घरोघर फिरून मुले गोळा करावीत, हा या पद्धतीचा चांगला परिणाम. न आलेल्या मुलापुढेही खूण करण्याचा मोह व्हावा, हा वाईट. मूल का आले नाही, हे विचारणारा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

तो प्रश्न विचारला जोतीराव फुल्यांनी. त्यांना स्वतःला लहानपणी मराठी शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले होते. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांचे मन वळविल्यानंतर, १८४१ मध्ये, ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी मांडले, की शेतकऱ्याच्या मुलाला गुरे राखावी लागतात, शेत सांभाळावे लागते. म्हणून बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा आणि त्याबरोबर शिष्यवृत्त्या व बक्षिसेही द्या, अशी त्यांची मागणी होती. सक्ती आणि साहाय्य ही जोडी त्यांनी फोडली नाही.

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होई. या प्रयोगाची थोरवी निर्विवाद आहे. परंतु मुलाच्या मजुरीवाचून ज्याचे अडते, त्याच्याकडूनच दंड घ्यावयाचा, ही त्यातील अडचणही तितकीच खरी होती.

मिशन शाळांपुढे आणखी एक वेगळा पेच होता, तो बायबलच्या तासाचा. दिवसाचा आरंभ प्रार्थनेने व्हावयाचा, म्हणजे वेळेवर येणे आणि प्रार्थनेला असणे ही एकच गोष्ट झाली. उशिरा येणारा प्रत्येक मुलगा झोपाळूच असेल असे नव्हते. कुणाच्या घरून तसे सांगितलेलेही असू शकत होते. या गुंत्याला घटनेने १९५० मध्ये उत्तर दिले. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतील विद्यार्थ्यावर धार्मिक शिक्षणाची वा प्रार्थनेची सक्ती करता येणार नाही; त्याची, आणि तो अज्ञान असल्यास पालकाची, संमती हवी, असे अनुच्छेद २८ (३) सांगतो. मुलगा शाळेच्या आवारात आहे, पटावर हजर आहे, आणि त्या तासाला व्हरांड्यात बसून गणित सोडवितो आहे, हे तेव्हापासून कायदेशीर ठरले.